व्हिएतनाम युद्धातील सक्तीच्या भरतीचा अमेरिकन सैनिक

व्हिएतनाम युद्धाच्या काळात ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ कायद्याखाली बोलावून दोन वर्षांसाठी लष्करात दाखल केलेला अमेरिकन तरुण. ऑगस्ट १९६४ ते फेब्रुवारी १९७३ या काळात असे सुमारे १८ लाख तरुण भरती झाले. सगळेच व्हिएतनामला गेले नाहीत. अनेकांची दोन वर्षे जर्मनीत, दक्षिण कोरियात किंवा मायदेशातल्या छावण्यांत गेली. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैन्यात त्यांचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश होता, लढाईत मेलेल्यांत मात्र सुमारे ३० टक्के. ही तफावत भरतीच्या पद्धतीतूनच आली. तीन वर्षांची नोकरी पत्करून आपणहून येणाऱ्याला कामाची शाखा मागता येई. दोन वर्षांसाठी बोलावलेल्याला जिथे माणसांची चणचण तिथे धाडत, आणि चणचण कायम पायदळातच असे.

कोणाला बोलवायचे हे देशभरातील सुमारे ४,००० स्थानिक मंडळे ठरवत. ‘१-ए’ वर्गातला तरुण भरतीयोग्य. महाविद्यालयात शिकणाऱ्याला सवलत मिळे, त्यामुळे पुढे शिकायची ऐपत नसलेले, कारखान्यात किंवा शेतावर राबणारे तरुण आधी सापडत. २८ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी राखीव दले न बोलावता मासिक भरती १७,००० वरून ३५,००० वर नेली. राखीव दलात किंवा नॅशनल गार्ड या राज्यांच्या दलात ज्याला जागा मिळाली तो त्यामुळे बहुधा वाचला. १९६६ पासून ‘प्रोजेक्ट १,००,०००’ या योजनेत बुद्धिमापनात मागे पडलेल्या तरुणांनाही घेतले गेले. मतदानाचे वय १९७१ पर्यंत बहुतेक राज्यांत २१ होते, म्हणजे १९-२० वर्षांच्या ज्या मुलाला युद्धावर पाठवले जाई, त्याला ते युद्ध चालवणाऱ्या सरकारबद्दल मत देता येत नसे. भारतीय वाचकाला हे विशेष जाणवेल, कारण आपल्याकडे लष्करात सक्तीची भरती कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे २५ लाखांची भारतीय फौजही स्वेच्छाभरतीची होती.

या अन्यायावर उतारा म्हणून १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये जन्मतारखांची सोडत काढली. काचेच्या बरणीत ३६६ निळ्या कुप्या होत्या. पहिली निघाली ती १४ सप्टेंबरची. १९५० पर्यंतच्या सात वर्षांत त्या तारखेला जन्मलेल्यांचा क्रमांक पहिला लागला. पुढे १९५ व्या क्रमांकापर्यंतच्यांना बोलावणे गेले. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्याच नव्हत्या, म्हणून वर्षअखेरीस जन्मलेल्यांना जास्त धोक्याचे क्रमांक आल्याचे संख्याशास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिले.

प्रशिक्षण आठ आठवड्यांचे, त्यानंतर साधारण तेवढेच पायदळाचे. लुइझियानातल्या फोर्ट पोल्क छावणीत त्यासाठी दमट रानात व्हिएतनामी खेड्याची नक्कल उभारली होती. १९६९ पर्यंत सक्तीच्या सैनिकाचा क्रमांक ‘यूएस’ या अक्षरांनी सुरू होई आणि आपणहून आलेल्याचा ‘आरए’ने, त्यामुळे कोण कसा आला हे कागदावर नजर टाकताच कळे.

या सैनिकाचा अनुभव सर्वांत जास्त कशाने घडवला असेल, तर एका कारकुनी नियमाने. व्हिएतनाममधली नेमणूक बारा महिन्यांची असे, मरीन दलात तेरा. आणि ती मुदत पलटणीची नसून प्रत्येकाची स्वतंत्र असे. दुसऱ्या महायुद्धात भरती युद्ध संपेपर्यंत आणि वर सहा महिने अशी होती, शिवाय बऱ्याच पलटणी एकत्र जहाजाने गेल्या होत्या. व्हिएतनामला सुरुवातीच्या तुकड्या वगळता सैनिक सुटासुटा गेला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून कागदपत्रे करून, भाड्याच्या प्रवासी जेट विमानात अनोळखी माणसांच्या शेजारी बसून तो बिएन होआ किंवा काम रान्ह बेच्या हवाई तळावर उतरे. लाँग बिन्ह किंवा काम रान्हच्या बदली सैनिकांच्या केंद्रात दोन-चार दिवस नाव पुकारले जाण्याची वाट पाही आणि मग एखाद्या कंपनीत, म्हणजे सैन्याच्या तुकडीत, मेलेल्या, जखमी झालेल्या किंवा मुदत संपलेल्या माणसाच्या जागी जाई. तिथे त्याला कोणी ओळखत नसे. नवखा माणूस चुकतो आणि इतरांना गोत्यात आणतो, म्हणून जुने त्याच्यापासून अंतर राखत.

रानातले दिवस मुख्यतः चालण्याचे. पाठीवर पाणी, दारूगोळा, शिधा आणि क्लेमोर सुरुंग मिळून २५-३० किलो. भाताच्या खाचरांत बांधावरून चालणे सोपे, पण बांधांवर सुरुंग पेरलेले असत, म्हणून गुडघाभर चिखलातून जायचे. बूट दिवसचे दिवस ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, तळव्यांची कातडी पांढरी पडून सोलली जाई. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात हा त्रास इतका वाढला, की नवव्या पायदळ डिव्हिजनला माणसे ४८ तासांनंतर पाण्याबाहेर काढण्याचा दंडक घालावा लागला. जळवा सिगारेटच्या निखाऱ्याने किंवा डास मारायच्या औषधाने सोडवत. हिवतापासाठी दर आठवड्याला क्लोरोक्विन-प्रायमाक्विनची गोळी आणि डोंगराळ भागात रोज डॅप्सोन.

शिधा डबाबंद. एका जेवणात सुमारे १,२०० उष्मांक, सोबत चार सिगारेटी. डबा उघडायची ‘पी-३८’ नावाची बोटाच्या पेराएवढी पत्र्याची चावी बरेच जण ओळखपट्टीच्या साखळीत अडकवून ठेवत. हॅम आणि लिमा बीन्सचा डबा कोणालाच नको असे. १९६६-६७ मध्ये एम-१६ रायफल ऐन चकमकीत अडकू लागली. काडतुसातली दारू बदलली होती, नळीच्या मागच्या कप्प्याला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि साफसफाईचे साहित्य पुरेसे दिलेच नव्हते. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, उपसमितीने १९६७ मध्ये लष्करावर यासाठी कडक ठपका ठेवला, पण तोवर कितीतरी मुले हातातली बंदूक अडकलेली असताना मेली होती.

समोर शत्रू क्वचित दिसे. लष्करातले सुमारे ११ टक्के मृत्यू आणि १७ टक्के जखमा सुरुंग आणि लपवलेल्या सापळ्यांनी झाल्या. जखमीला हेलिकॉप्टर बहुधा तासाभरात इस्पितळात पोहोचवे. पूर्वीच्या युद्धांत जे वाचले नसते, असे असंख्य सैनिक त्यामुळे हातपाय गमावून का होईना, घरी परतले.

हे सगळ्यांच्याच वाट्याला आले नाही. बहुसंख्य सैनिक गोदामे, दुरुस्ती, वाहतूक, कचेऱ्या सांभाळत. लाँग बिन्हच्या तळावर पोहण्याचे तलावसुद्धा होते. पत्राला तिकीट लागत नसे. तिकिटाच्या जागी ‘फ्री’ लिहिले की पुरे. वर्षातून एकदा बँकॉक, हाँगकाँग किंवा सिडनीला पाच-सात दिवसांची सुट्टी मिळे. लग्न झालेले बहुधा होनोलुलूला बायकोला भेटत.

घरी परतण्याची तारीख प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून पाठ असे. शिरस्त्राणाच्या कापडावर किंवा हाताने काढलेल्या दिनदर्शिकेवर एकेक दिवस खोडत. परतल्यावर नोकरीचे १५० दिवसांहून कमी उरले असतील तर तिथल्या तिथे सुटका होई, म्हणून काही जण व्हिएतनाममधलाच मुक्काम आपणहून काही आठवड्यांनी वाढवत. अनुभवाने शहाणा झालेला सैनिक नेमका उपयोगी पडू लागला की निघून जाई. अधिकारी तर साधारण सहा महिन्यांनीच बदलत. १९६९ नंतर माघार सुरू झाल्यावर शेवटचा बळी व्हायला कोणी तयार नव्हते. हुकूम नाकारण्याचे आणि स्वतःच्याच अधिकाऱ्यांवर हातबाँब टाकण्याचे प्रकार वाढले.

ज्यांच्या गावांत हे घडले त्यांना परतीची तारीख नव्हती, आणि उत्तर व्हिएतनामच्या सैनिकालाही नव्हती. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय या खेड्यात अमेरिकन सैन्याच्या एका कंपनीने नि:शस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. व्हिएतनामी गणनेनुसार ५०४ माणसे मारली गेली. त्या कंपनीत सक्तीने आलेले होते आणि आपणहून आलेलेही. हे दडपलेले प्रकरण मार्च १९६९ मध्ये पत्रे लिहून काँग्रेस सदस्यांपर्यंत नेणारा रॉन रायडनहावर हाही सक्तीच्या भरतीचाच सैनिक होता. व्हिएतनामला जाणे त्याच्या हातात नव्हते, गप्प न बसणे होते.

परतीचा प्रवासही एकट्याचाच. रानातून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत आईवडिलांच्या घरात असे, सोबती मागे राहिलेले, बोलायला कोणी नाही. समुद्रमार्गे परतणाऱ्या आधीच्या सैनिकांना आपसांत बोलायला जे आठवडे मिळत, ते याला मिळाले नाहीत. त्याची झोपमोड, दचकणे, संताप यांना १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) या नावाने मान्यता दिली. ‘एजंट ऑरेंज’ या फवारलेल्या तणनाशकातील डायॉक्सिन या विषारी द्रव्यामुळे होणाऱ्या आजारांसाठी भरपाईचा कायदा १९९१ मध्ये झाला.

सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली. भरती चुकवणाऱ्यांना अध्यक्ष कार्टर यांनी २१ जानेवारी १९७७ रोजी माफी दिली. भरतीसाठीची नावनोंदणी मात्र १९८० मध्ये पुन्हा सुरू झाली. १८ ते २५ वयाच्या पुरुष नागरिकांप्रमाणे ती ग्रीन कार्डधारकांनाही लागू आहे, त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतले मुलगेही तिच्या कक्षेत येतात. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर कायदेशीर मुक्काम असलेले येत नाहीत.