गळती म्हणजे नक्की कुठलं पाणी?

मुंबईत विहारचं पाणी आलं 1860 ला, तानसाचं 1892 ला, आणि त्यानंतर किती तरी वर्षं पाणीपुरवठा चांगला की वाईट हे धरण किती मोठं यावरच ठरत आलं. आजही पेपरात आधी एमएलडीच येतं, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर. वाटेत किती मुरलं हा प्रश्न खूप उशिरा आला आणि आला तोच शब्दांचा घोळ घेऊन.

आधी म्हणायचे हिशोबात न लागलेलं पाणी. 2000 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जमाखर्चाचा तक्ता ठरवला आणि नवीन शब्द आणला, एनआरडब्ल्यू, म्हणजे ज्याचे पैसे येत नाहीत ते सगळं पाणी. यात फुटक्या पाइपाचं आलं, चोरून घेतलेल्या कनेक्शनचं आलं, बंद पडलेल्या मीटरचं आलं आणि वस्तीतल्या फुकट सार्वजनिक नळाचं, अग्निशमनाचंसुद्धा आलं. आपल्याकडे या सगळ्याला सरसकट "गळती" म्हणतात! म्हणजे गरिबाच्या हंड्यात गेलेलं पाणी आणि गटारात गेलेलं पाणी एकाच रकान्यात. मला हे पटत नाही.

त्यात टक्केवारीची गंमत वेगळीच. रोज 1 एमएलडी वाया जातंय आणि पुरवठा 5 एमएलडी असेल तर 20 टक्के, तोच 10 केला की 10 टक्के, पाइप आहे तिथेच फुटका. म्हणून गळती टक्क्यात मोजू नका, दर कनेक्शनमागे रोज किती लिटर ते बघा असं त्याच तज्ज्ञांचं म्हणणं होतं. तरी 2008 मध्ये केंद्राने मापदंड काढले त्यात टक्केच घेतले: एनआरडब्ल्यू 20 टक्के, शिवाय माणशी रोज 135 लिटर, 24 तास पाणी, सगळ्या जोडण्यांना मीटर. आकडा कितपत खरा यासाठी अ ते ड अशी श्रेणीही ठेवली, ड म्हणजे निव्वळ अंदाज, आणि मीटरच नाहीत तिथे अंदाजाशिवाय करणार काय. बातमीत मात्र श्रेणी येत नाही, नुसता आकडा येतो.

मीटर बसवले तरी दिवसाला दोन तास पाणी असेल तर वॉल्वमनने चावी फिरवली की आधी पाइपातली हवा सुटते, फुसफुस आवाज येतो आणि पाणी यायच्या आधीच मीटरचा काटा पळायला लागतो, मग बिलावरून भांडणं. कऱ्हाडजवळच्या मलकापुरात मीटर आणि 24 तास पाणी दोन्ही एकत्र आणलं म्हणून ते उदाहरण सारखं दिलं जातं. 2021 च्या अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी पाणी योजनेतही एनआरडब्ल्यूचं लक्ष्य 20 टक्केच आहे.