अधिवेशनाचा शेवटचा आठवडा : घाईची मुळं कुठं आहेत?

महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस एकाच साच्यातला असतो. सकाळी लक्षवेधींसाठी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनांसाठी) विशेष बैठक, मग नियमित बैठक, पटलावर ठेवायच्या अहवालांची रांग, दुसऱ्या सभागृहाकडून आलेले संदेश, उरलीसुरली विधेयके, विरोधकांच्या अंतिम आठवडा प्रस्तावाला उत्तर आणि सगळ्यात शेवटी अधिवेशन संस्थगित करण्याचा, म्हणजे औपचारिकपणे संपवण्याचा, राज्यपालांचा आदेश. बाहेरून पाहणाऱ्याला हा नियोजनाचा ढिसाळपणा वाटतो. थोडाफार तो असतोही. पण या गर्दीतल्या बऱ्याच बाबींची मुदत संविधानाने किंवा नियमांनी आधीच बांधून दिलेली असते. उरलेल्या बाबी कोणाच्या तरी सोयीसाठी शेवटाकडे ढकललेल्या असतात. या दोन जाती वेगळ्या ओळखता आल्या की शेवटचा आठवडा वाचता येतो.

पहिली गोष्ट, अधिवेशन केव्हा भरवायचे हे विधिमंडळ स्वतः ठरवत नाही. अनुच्छेद १७४ प्रमाणे राज्यपाल ते अभिनिमंत्रित करतात, म्हणजे बोलावतात, आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. अरुणाचल प्रदेशच्या नबाम रेबिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केले. मूळ संविधानात वर्षातून किमान दोनदा सभागृह भरलेच पाहिजे, असे बंधन होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते गेले. उरले ते एकच: एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांच्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. किती दिवस बसायचे याबद्दल संविधान गप्प आहे.

या सहा महिन्यांची धग २०२० मध्ये जाणवली. करोनामुळे अर्थसंकल्पीय अधिवेशन आठवडाभर आधीच, १४ मार्चला गुंडाळले गेले. पावसाळी अधिवेशन २२ जूनला होते, ते ३ ऑगस्टवर गेले, तिथून ७ सप्टेंबरवर. त्यापुढे ढकलायला जागाच नव्हती, कारण १४ सप्टेंबरच्या सुमारास सहा महिने भरत होते. अधिवेशन झाले ते दोन दिवसांचे. संविधानाचे समाधान तेवढ्यानेही होते.

तारखा ठरल्यावर दिवसांची वाटणी कामकाज सल्लागार समितीत होते. दोन्ही सभागृहांच्या समित्या वेगळ्या, पण बैठका सहसा एकाच दिवशी. तिथे तात्पुरती दिनदर्शिका मंजूर होते. या नावातला ‘तात्पुरती’ हा शब्द गांभीर्याने घ्यायचा असतो. अधिवेशन एखाद्या आठवड्याने वाढवायचे की नाही हे समिती अधेमधे बसून ठरवते. विरोधक वाढवा म्हणतात, सरकार कामकाजच शिल्लक नाही म्हणते, आणि सत्तांतर झाले की दोघे भाषणे आपसात बदलून घेतात.

वेळेवरचे हे भांडण जुने आहे. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळाले आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. तेव्हा सभासदांचे काम समोर आलेल्या विधेयकापुरतेच होते. प्रश्न विचारण्याचा आणि अर्थसंकल्पावर बोलण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर फिरोजशहा मेहतांनी मागितले ते एवढेच, की लोकांची मते येईपर्यंत विधेयक थांबवा. सरकारी बहुमताने ती सूचना पाडली. मेहता उठून बाहेर पडले आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांसह आणखी काही सभासद त्यांच्यामागून गेले. आज सभात्याग रोजचा झाला आहे, पण त्याची सुरुवात विधेयक घाईने रेटण्याच्या तक्रारीतून झाली.

घाईचे दुसरे अवजार लंडनहून आले. आयरिश सभासदांनी ब्रिटिश संसदेचे कामकाज बोलून बोलून रोखायला सुरुवात केली. १८८१ मध्ये एक बैठक सलग ४१ तास चालली आणि शेवटी सभापतींनी स्वतःच्या अधिकारात ती चर्चा तोडली. त्यातूनच चर्चा बंद करण्याचे नियम जन्मले. १८९६ मध्ये बाल्फोर यांनी खर्चाच्या मागण्यांसाठी ठरावीक दिवस नेमून दिले: दिवस संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला. आपल्याकडे यालाच ‘गिलोटिन’ म्हणतात.

आता पैशांकडे येऊ, कारण खऱ्या अर्थाने न टळणारी तारीख तिथेच आहे. अर्थसंकल्प मांडला की त्यावर सर्वसाधारण चर्चा होते, मग विभागवार खर्चाच्या मागण्या येतात, त्या संमत झाल्या की त्या खर्चाला कायदेशीर परवानगी देणारे विनियोजन विधेयक. ते झाल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपया काढता येत नाही आणि जुन्या वर्षाची परवानगी ३१ मार्चला संपते. मागण्यांवर मत फक्त विधानसभा देते; विधान परिषद चर्चा करू शकते, मत नाही. विनियोजन विधेयक धन विधेयक, म्हणजे फक्त पैशांच्या बाबींचे, असल्याने परिषदेला १४ दिवस मिळतात, त्यानंतर ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे धरले जाते. ती १४ दिवसांची सोय मार्चअखेरीस फारशी उपयोगाची नसते, म्हणून विधानसभेने ते लवकर पाठवावे आणि परिषदेने लगेच परत करावे अशी घडी बसली आहे. २०२५ मध्ये ७ लाख २० कोटी रुपयांचा अर्थसंकल्प १० मार्चला मांडला गेला आणि २६ मार्चला अधिवेशन संपले. सोळा दिवसांत सुट्ट्या वजा करून सगळे विभाग बसवायचे म्हटल्यावर काही विभागांच्या मागण्यांना एक मिनिटही मिळत नाही. ते मिळावे म्हणून कोणी भांडतेच असेही नाही. चर्चेला कोणते विभाग घ्यायचे यावर मात्र जोरात भांडण होते.

निवडणुकीच्या वर्षी यावर उतारा असतो तो लेखानुदानाचा. २०१९ आणि २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प मांडून चार महिन्यांचा खर्च मंजूर झाला आणि पूर्ण अर्थसंकल्प जूनमध्ये आला. त्या वर्षांत मार्चचा ताण पावसाळी अधिवेशनावर सरकतो. एरवी पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनाचा कणा असतो पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्यांचा. पहिल्या दिवशी मांडायच्या, दुसऱ्या आठवड्यात चर्चा, लगेच विनियोजन विधेयक. ३० जून २०२५ ला मांडलेल्या पुरवणी मागण्या ५७,५०९ कोटी ७१ लाखांच्या होत्या. त्या मंजूर होईपर्यंत सरकार अधिवेशन गुंडाळत नाही, आणि मंजूर झाल्या की सरकारी बाकांवरची चुळबुळ वाढते.

मागण्या मंजूर होण्याआधीच सभागृह बंद पडले तर? ७ मार्च १९६८ रोजी पंजाबात तेच झाले. अध्यक्षांनी अर्थसंकल्प अधांतरी ठेवून सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले. राज्यपाल डॉ. दा. चिं. पावटे यांनी ११ मार्चला अधिवेशन संस्थगित केले, १३ तारखेला आर्थिक कामकाजाच्या कार्यपद्धतीचा अध्यादेश काढला आणि १८ तारखेला सभागृह पुन्हा बोलावले. आर्थिक काम पुरे होईपर्यंत सभागृहाच्या संमतीविना तहकुबी नाही, असे त्या अध्यादेशात होते. सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी खटपट वैध ठरवली. तहकुबी अध्यक्षांची आणि संस्थगिती राज्यपालांची, हा फरक त्या अकरा दिवसांत राज्यघटनेच्या पुस्तकातून बाहेर पडून प्रत्यक्ष वापरात आला.

दुसरी बांधलेली मुदत अध्यादेशांची. अधिवेशन नसताना काढलेला अध्यादेश सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत संपतो. दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरच्या तारखेपासून मोजायचे. आपली अधिवेशने सहसा सहा आठवडे चालतच नाहीत. म्हणजे तीन आठवड्यांच्या अधिवेशनात विधेयक राहून गेले तर अध्यादेश अधिवेशनानंतर तीन आठवड्यांनी मरतो, आणि तेव्हा सभागृह नसते. म्हणून अध्यादेश पहिल्याच दिवशी पटलावर येतो, त्याच्या जागी येणारे विधेयक लगोलग पुरःस्थापित होते (मांडले जाते) आणि काही झाले तरी शेवटच्या दिवसाच्या आत दोन्ही सभागृहांतून काढले जाते. पुन्हा तोच अध्यादेश काढण्याची पळवाट होती. ती बंद पाडण्यात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांचा मोठा वाटा आहे. १९६७ ते १९८१ या काळात बिहारने २५६ अध्यादेश काढले आणि त्यातले कित्येक पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले, हे त्यांनी मोजून दाखवले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला संविधानाशी प्रतारणा म्हटले, आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका आणखी कडक केली.

साध्या विधेयकांना अशी टांगती तलवार नसते. अनुच्छेद १९६ नुसार अधिवेशन संस्थगित झाल्याने प्रलंबित विधेयक व्यपगत (आपोआप रद्द) होत नाही; पुढच्या अधिवेशनात ते जिथे थांबले तिथून चालू होते. विधानसभाच विसर्जित झाली तर मात्र विधानसभेत पडून असलेले, किंवा विधानसभेने मंजूर करून परिषदेत अडकलेले विधेयक संपते. विशेष जनसुरक्षा विधेयकाचे तसेच झाले. ते ११ जुलै २०२४ रोजी, अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी मांडले गेले. पुढे निवडणूक आली, विधानसभा गेली, विधेयकही गेले. डिसेंबरमध्ये ते नव्याने मांडावे लागले, संयुक्त समितीकडे गेले आणि विधानसभेत १० जुलै २०२५ ला, परिषदेत ११ जुलैला मंजूर झाले. शेवटच्या दोन दिवसांत नवे विधेयक मांडले तर ते बहुधा त्या अधिवेशनात मंजूर होण्यासाठी नसते. सरकारला काय करायचे आहे हे नोंदवून ठेवण्यासाठी असते.

मंजुरी हवी असेल तर दोन सभागृहांचा हिशेब करावा लागतो. विधानसभेने मंजूर केलेले विधेयक संदेशासह परिषदेकडे जाते, तिथे दुरुस्ती झाली तर पुन्हा विधानसभेकडे. म्हणून कामकाज सांभाळणाऱ्यांच्या लेखी खरी अखेरची तारीख शेवटच्या दिवसाची नसून आदल्या दिवसाची असते. परिषदेत बहुमत नसलेल्या सरकारची अडचण आणखी मोठी: परिषद साधे विधेयक तीन महिने रोखू शकते, विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना. अधिवेशन तीन आठवड्यांचे आणि रोखण्याची ताकद तीन महिन्यांची, म्हणजे विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलेच. सगळ्यांचे एकमत असेल तर मात्र काळ उरत नाही. मराठा आरक्षणाचे विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या आदल्या दिवशी, चर्चेविना दोन्ही सभागृहांत एकाच दिवसात मंजूर झाले आणि दुसऱ्या दिवशी कायदा लागू झाला.

विधेयके टिकतात, पण सभासदांच्या बाकीच्या सूचना संस्थगितीबरोबर गळून पडतात. नियम १०५ खालची लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, नियम २९३ चा प्रस्ताव, जे लागले नाही ते पुढच्या वेळी नव्याने द्यायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. म्हणूनच शेवटच्या दिवसांत सकाळच्या विशेष बैठका वाढतात आणि एकेका बैठकीत लक्षवेधींचा ढीग लागतो. मतदारसंघातला विषय ‘घेतला’ अशी नोंद झाली तरी आमदाराचे काम होते. उत्तर मात्र उरकल्यासारखे येते. गणपूर्तीसाठी, म्हणजे बैठक चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकदशांश किंवा दहा, यांतील मोठा आकडा लागतो, म्हणजे विधानसभेत २९ आणि परिषदेत १०. रात्री उशिराच्या चर्चेत ही संख्या कोणी मोजत नाही, मोजायची मागणी कोणी करेपर्यंत.

महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) अहवालांचे कोडे वेगळे आहे. ते सभागृहापुढे ठेवायचे असे अनुच्छेद १५१ सांगतो, केव्हा ठेवायचे हे सांगत नाही. आपल्याकडे ते शेवटच्या दिवशी ठेवण्याची सवयच पडली आहे: २५ मार्च २०२३ आणि १२ जुलै २०२४ हे दोन्ही अधिवेशनांचे शेवटचे दिवस होते. अहवाल लोकलेखा समितीकडे जातात हे खरे, पण सभागृहात त्यावर प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. ही गर्दी कोणत्याही मुदतीने लादलेली नाही, ती सोयीची आहे.

अधिवेशनाचा शेवट शिक्षेलाही मर्यादा घालतो. ५ जुलै २०२१ रोजी दोन दिवसांच्या अधिवेशनात १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले गेले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की त्या अधिवेशनापलीकडे गेलेले निलंबन बेकायदा आहे. २०२१ च्याच हिवाळी अधिवेशनात विधानसभा अध्यक्षांच्या निवडीचे नियम बदलून गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदान आणले गेले, हरकतींची मुदतही दहा दिवसांवरून एका दिवसावर आणली. राज्यपालांनी निवडणुकीला हिरवा कंदील दिला नाही, २८ डिसेंबरला अधिवेशन संपले आणि अध्यक्षपद रिकामेच राहिले. ते भरायला ३ जुलै २०२२ उजाडावा लागला.

हिवाळ्यात या सगळ्यावर नागपूरची भर पडते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षाला किमान एक अधिवेशन नागपुरात आणि सरकारचा मुक्काम ‘निश्चित काळ’ तिथे, असे ठरले. किती आठवडे, हे मात्र लिहिले नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात विदर्भातले सभासद तोच प्रश्न विचारतात. फायली, कर्मचारी, बंदोबस्त मुंबईहून हलवायचा, आमदार निवास आणि रवी भवन सज्ज करायचे, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी परतीच्या विमानांकडे डोळे लागायचे. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन तिथे नेऊन पाहिले. ६ जुलैला विधानभवनात पावसाचे पाणी शिरले, वीज गेली आणि दिवसाचे कामकाज बुडाले.

शेवटचा आदेश वाचला गेला की अधिवेशन संस्थगित होते. बेमुदत तहकूब झालेले अधिवेशन मात्र जिवंत राहते. पंजाबने २०२३ मध्ये मार्चचे अधिवेशन संस्थगित न करता जून आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्याच बैठका घेतल्या. राज्यपालांनी त्यावर शंका घेतली; सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबरला बैठका वैध ठरवल्या आणि अधिवेशन असे अनंतकाळ चालू ठेवू नका, हेही बजावले. महाराष्ट्रात हा घोळ सहसा होत नाही. दर वर्षीची अधिवेशने प्रथम, द्वितीय, तृतीय अशी मोजली जातात, प्रत्येक संस्थगित होते आणि सभागृह उठण्याआधी पुढच्या अधिवेशनाची तारीख व ठिकाण जाहीर होते. १८ जुलै २०२५ ला जाहीर झाली ती ८ डिसेंबर, नागपूर.