थेंब बंदिस्त, केबल मोकळी

प्रिंटरची यूएसबी केबल हरवली तर कोपऱ्यावरच्या दुकानातली कुठलीही चालते. शाईचं कार्ट्रिज मात्र बहुतेक वेळा त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं शोधावं लागतं. दोन्हींवर पेटंटं होती, पण ती वापरली गेली अगदी वेगळ्या तऱ्हेने.

शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या इंकजेट प्रिंटरची सुरुवात ऑफिसात झाली नाही. स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट यांनी वैद्यकीय नोंदी कागदावर उमटवण्यासाठी शाईची बारीक धार वापरणारं उपकरण बनवलं. त्याचं अमेरिकी पेटंट १९५१ चं. (शरीरात बसवलेला पहिला पेसमेकरही याच माणसाने १९५८ मध्ये तयार केला होता.) ही धार सतत वाहणारी होती. हवा तेव्हा हवा तेवढाच थेंब काढणं पुढच्या पिढीला साधलं.

१९७७ मध्ये जपानच्या कॅननमधले इचिरो एंडो प्रयोग करत असताना तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि टोकातून शाई उडाली. कंपनीने त्याच वर्षी पेटंटचा अर्ज केला. गंमत अशी, की अमेरिकेत एचपीचे जॉन वॉट १९७९ मध्ये स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापाशी पोचले. नळीतला चिमुकला रेझिस्टर (वीज गेली की तापणारा भाग) काही मायक्रोसेकंदांत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. भांडत बसण्याऐवजी दोन्ही कंपन्यांनी परस्परांना पेटंट वापरू देण्याचा करार केला. मला हा या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. एप्सनने उष्णता टाळून, वीज दिली की वाकणाऱ्या पिझो स्फटिकाची वाट धरली.

१९८४ च्या एचपी थिंकजेटमध्ये शाईच्या टाकीलाच बारा छिद्रांचं प्रिंटहेड, म्हणजे थेंब उडवणारा भाग, जोडलेलं होतं. शाई संपली की दोन्ही फेकायचं. छिद्रं तुंबण्याचा प्रश्न त्याने सुटला, पण प्रत्येक वेळी विकत घ्यायची वस्तू पेटंटने राखलेली झाली.

जोडणीचं तसं झालं नाही. सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये स्वतःच्या प्रिंटरसाठी काढलेला ३६ पिनांचा पॅरलल पोर्ट (केबल जोडायची खाच) इतरांनी उचलला आणि तोच रिवाज पडला. १९९६ च्या जानेवारीत यूएसबी आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या गटात बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. यूएसबीला लागणारी पेटंटं कंपन्यांनी एकमेकांना विनारॉयल्टी दिली. १९९९ मध्ये ॲपलने फायरवायर या यूएसबीसारख्याच जोडणीसाठी दर पोर्टमागे एक डॉलर मागितला, आणि तिथेच बरेच उत्पादक बिचकले. पुढे दर कमी झाला, तरी घरोघरी पोचली ती यूएसबीच.

कार्ट्रिजचा वाद कोर्टात गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या लेसर टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात ठरवलं, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. ती पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या नावाखाली अडवता येत नाही. बुडबुड्याची मूळ पेटंटंही आता मुदत संपून सर्वांची झाली आहेत. आज रिफिलवाल्यांना अडवते ती बहुधा कार्ट्रिजवरची चिप आणि तिला ओळखण्याचा आग्रह धरणारं प्रिंटरमधलं सॉफ्टवेअर.