पार्श्वभूमी : धनंजयराव गाडगीळ आणि पुण्यातले राजकीय अर्थशास्त्र

प्रवरा सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१च्या हंगामात पहिला ऊस गाळला, तेव्हा कारखान्याच्या अध्यक्षपदी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनंजयराव गाडगीळांना आग्रहाने तिथे आणले. एका प्राध्यापकाने नगर जिल्ह्यातल्या लोणीच्या शेतकऱ्यांबरोबर कारखाना उभारावा, यामागे पुण्यातल्या अर्थविचाराची पाऊणशे वर्षांची वाटचाल आहे.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखाती जाळली. शेतकरी कर्जात का बुडतो, हा प्रश्न तेव्हापासून पुण्याच्या विचारवंतांची पाठ सोडेना. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात ठामपणे मांडले, की इंग्लंडमध्ये तयार झालेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. इथला इतिहास आणि इथल्या संस्था पाहूनच इथले अर्थशास्त्र घडवावे लागेल. पण ते पाहायचे कसे? त्याचा एक नमुना पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी घालून दिला. त्यांनी पिंपळे सौदागर या गावातील जमीन, तिचे तुकडे आणि कर्ज यांचा घरोघरी जाऊन हिशेब मांडला.

गाडगीळांचा जन्म १९०१चा. केंब्रिजमध्ये लिहिलेला त्यांचा भारतीय उद्योगांच्या वाटचालीवरचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने आला आणि पुढची कित्येक दशके वर्गांतून वाचला गेला. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून १९३० साली गोखले संस्था उभी राहिली, आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९६६पर्यंत ते त्या पदावर होते.

संस्थेच्या सुरुवातीच्या कामांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी आहे. मला ती फार मोलाची वाटते. त्या काळच्या घाऊक बाजारांत हत्ता पद्धत सर्रास चालायची. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. माल शेतकऱ्याचा, पण भाव किती निघाला, हे त्याला अडत्या सांगेल तेव्हाच कळायचे. मागणी-पुरवठ्याचा आलेख फळ्यावर काढून हे समजत नाही, मंडईत उभे राहावे लागते. पुढे वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च आणि पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी याच रीतीने झाली. विद्यार्थी शिकले ते या पाहण्यांवर काम करत. वि. म. दांडेकर आणि नी. वि. सोवनी हे अर्थशास्त्रज्ञ याच संस्थेत घडले. काळे यांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू झाली, आणि १९३९ साली तिच्यात डॉ. आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर भाषण दिले.

गावोगावच्या या हिशेबांतून गाडगीळांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती : कर्ज देणारा आणि माल विकत घेणारा एकच असेल, तर शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. नुसती पतपेढी काढून भागणार नाही. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया हे तिन्ही टप्पे उत्पादकांच्या हातात हवेत. प्रवरेत त्यांनी नेमका हाच विचार प्रत्यक्षात आणला. देशभरच्या ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या समितीचेही ते सदस्य होते. तिचा अहवाल १९५४ साली आला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के निघाला. सावकारांचा सुमारे ७० टक्के.

१९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची, याचे १९६९चे सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता.

मात्र सहकारी कारखान्याचा सभासद व्हायला स्वतःचा ऊस लागतो, आणि उसासाठी जमीन. बीड-नगरकडून कोयता घेऊन येणाऱ्या तोडणी कामगाराला या रचनेत मालकीची जागा नव्हती. ही उणीव मोठी आहे आणि ती सांगितल्याशिवाय गाडगीळांच्या कामाचे मोल नीट करता येत नाही. भूमिहीनांचा प्रश्न त्यांच्यानंतर संचालक झालेल्या दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१च्या दारिद्र्यावरील अभ्यासात थेट घेतला. सर्वांना पुरेल इतकी जमीन नाही, म्हणून सरकारने सार्वजनिक कामांतून रोजगार पुरवावा, असे त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि सरकारी दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडू लागली.