पांढरपेशी गुन्हेगारी

समाजात मान असलेल्या, वरच्या स्तरातील व्यक्तीने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली फिलाडेल्फिया येथील अध्यक्षीय भाषणात ही संकल्पना मांडली. तोवर गुन्ह्याचे मूळ गरिबीत, मोडलेल्या घरात किंवा मंदबुद्धीत शोधले जाई. अभ्यासाची सामग्रीच तुरुंगांतून आणि पोलीस दप्तरांतून येत असल्याने दुसरे काही हाती लागणे कठीणच होते.

सदरलँड यांनी ७० बड्या अमेरिकन कंपन्यांची कागदपत्रे तपासली. फसव्या जाहिराती, पेटंटभंग, भाव ठरवण्यासाठी संगनमत, कामगार कायद्यांची पायमल्ली अशा बाबतींत त्यांच्याविरुद्ध एकूण ९८० निर्णय गेलेले आढळले. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे फक्त १५८. उरलेले मुख्यतः दिवाणी न्यायालयांचे व नियामक आयोगांचे. यांतील बहुतेक निर्णय सदरलँड यांनी गुन्ह्यांतच मोजले. फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवला तोच गुन्हेगार, असा आक्षेप अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व कायदेपंडित पॉल टॅपन यांनी १९४७ मध्येच घेतला होता. कायद्याच्या चौकटीत तो बिनतोड आहे. मात्र कोणते प्रकरण फौजदारी न्यायालयात जाते आणि कोणते दंडावर मिटते, हेच तर सदरलँड विचारत होते. १९४९ मध्ये सदरलँड यांचा हा अभ्यास ग्रंथरूपाने निघाला तेव्हा बदनामीच्या दाव्याच्या धास्तीने प्रकाशकांनी कंपन्यांची नावे गाळायला लावली. नावांसह आवृत्ती यायला १९८३ उजाडले.

भारतात भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीच्या १९६४ च्या अहवालात ही संकल्पना दिसते. अशा गुन्ह्यांसाठी दंड संहितेत जागा करावी, ही समितीची सूचना विधी आयोगाने १९६६ च्या २९व्या अहवालात अमान्य केली; स्वतंत्र कायदे पुरेत, असे त्याचे मत पडले. १९७२ च्या ४७व्या अहवालाने मात्र सामाजिक-आर्थिक गुन्ह्यांना कडक शिक्षेची शिफारस केली. पुढे स्वतंत्र कायद्यांचीच रीघ लागली. ठेवी बुडवणाऱ्या वित्तीय संस्थांसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला कायदा त्यांतलाच.

‘आर्थिक गुन्हा’ मूळ संहितेत आला तो जुन्या दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मधून, १ जुलै २०२४ पासून, आणि तोही संघटित गुन्हेगारीचा एक प्रकार म्हणून. टोळीशिवाय केबिनमध्ये बसून केलेला गैरव्यवहार त्यात सहज बसत नाही. उलट दिशेचा प्रवासही चालू आहे: २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी बदलून व्यवसायाशी संबंधित अनेक किरकोळ उल्लंघनांची तुरुंगवासाची शिक्षा काढली.