परसातली वस्ती

शहरातली नोकरी संपल्यावर, किंवा घरी बसून काम करण्याची सोय झाल्यावर, मुंबई-पुण्यातली अनेक कुटुंबे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आपल्या मूळ गावी राहायला येतात. घराची डागडुजी होते, विहिरीवर पंप बसतो आणि मग परसाची साफसफाई सुरू होते. ही साफसफाई थोडी लांबणीवर टाकावी, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा सरेपर्यंत परस आहे तसे राहू द्यावे, अशी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती असते. कोकणातल्या जुन्या परसात अनेक छोटे अधिवास एकमेकांना लागून नांदत असतात: न्हाणीचे सांडपाणी जिथे जाते तिथली अळू-केळीची ओल, जांभ्या दगडांचा बिनचुन्याचा गडगा, फणसाखाली साचलेला पातेरा (वाळलेल्या पानांचा थर), विहिरीचा काठ, माड-पोफळींचे आगर आणि त्यापलीकडे काजूचा चढ. प्रत्येक ठिकाणची ओल, उजेड आणि उष्णता वेगळी असल्यामुळे तिथले रहिवासीही वेगळे असतात. त्यांची नावे हळूहळू कळतात. खरा आनंद मात्र एखादा जीव त्या क्षणी कोणत्या कामात गुंतला आहे हे ओळखता येऊ लागले की सुरू होतो.

पक्ष्यांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, पण माझ्या मते पहिले काही दिवस कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडापाशी घालवावेत. कोवळ्या पानावर जेमतेम एक मिलिमीटरचे, फिकट पिवळसर, गोल अंडे एकेकटे चिकटवलेले दिसले, तर ते बहुधा कॉमन मॉर्मन या फुलपाखराचे किंवा त्याच्या एखाद्या नातलगाचे असते. त्यातून निघणारी अळी तपकिरी-पांढरी, ओलसर चकाकीची आणि हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते, त्यामुळे ती पानावर उघड्यावर बसली तरी भक्षकांच्या डोळ्यांना खाद्य म्हणून जाणवत नाही. अळी वाढते तसे हे सोंग निकामी होत जाते, कारण एवढी मोठी विष्ठा छोट्या पक्ष्याची असू शकत नाही. म्हणून शेवटची कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवी होते आणि तिच्या पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटतात. अशा अळीला गवताच्या काडीने हलकेच डिवचले, तर डोक्याच्या मागून लालसर, दुभंगलेला एक मांसल अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि इतर लहान शत्रू या वासाने मागे हटतात. अळीने धोका टळल्याचे ओळखले की तो अवयव आत ओढला जातो आणि पान खाणे पुन्हा सुरू होते. पुढे ती फांदीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून घेते व कोष बनते. हा कोष आसपासच्या रंगानुसार हिरवा किंवा तपकिरी असतो.

त्यातून बाहेर पडणारे फुलपाखरू याहूनही चकित करते. नर काळा असतो आणि त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असतो. माद्या मात्र तीन रूपांत आढळतात: काही नरासारख्याच, काही कॉमन रोझ या फुलपाखरासारख्या आणि काही क्रिमसन रोझसारख्या. ही दोन्ही रोझ फुलपाखरे ईश्वरीच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि त्या वेलींतली विषद्रव्ये अंगात साठवतात, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी त्यांच्या वाटेला पुन्हा जात नाही. कॉमन मॉर्मनची मादी विषारी नसूनही त्यांचा वेश घेऊन सुरक्षित राहते. पंखांचे रंग, ठिपके आणि नक्षी एवढा सगळा वेश पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कसा टिकतो, अर्धेमुर्धे मिश्रण का होत नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता. बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले, की कीटकांमध्ये नर-मादीचे भेद घडवणारे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक या संपूर्ण वेशाचे नियंत्रण करते. आपण फोडणीसाठी ज्या झाडाची पाने तोडतो, त्याच झाडावर उत्क्रांतीशास्त्रातल्या एका मोठ्या कोड्याचे पात्र वाढत असते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉर्मन, म्हणजेच राणी पाकोळी, याच कुळातले असून त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. त्या झाडावर कीटकनाशक फवारायचे की चार पाने कुरतडलेली सोसायची, हा निर्णय मग सोपा होतो.

आंब्याच्या किंवा काजूच्या फांदीवर पाने एकमेकांना चिकटवून केलेला हिरवा गोळा दिसला, तर ते ओंबीलांचे घर. काही भागांत यांना हुमले म्हणतात. या तांबूस मुंग्यांचा चावा झोंबरा असतो, शिवाय चावल्या जागी त्या आम्ल सोडतात, म्हणून नव्या मालकाचा पहिला विचार चूड पेटवून ते घर जाळण्याचा असतो. त्याआधी हातभर अंतरावरून घराचे बांधकाम एकदा तरी पाहावे. कामकरी मुंग्या एका पानाच्या कडेवर पाय रोवून दुसऱ्या पानाची कड जबड्यात धरतात आणि ओढतात. अंतर जास्त असेल, तर एक मुंगी दुसरीच्या कमरेला धरते, दुसरी तिसरीच्या, आणि अशी जिवंत साखळी तयार होऊन पाने जवळ येतात. मग आतून आणखी मुंग्या येतात, त्यांच्या तोंडात स्वतःच्याच वसाहतीतल्या अळ्या असतात. प्रौढ मुंग्यांना रेशीम तयार करता येत नाही. ते अळ्यांना येते. मुंगी अळीला मागावरच्या धोट्यासारखी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेते, आणि अळीने सोडलेल्या धाग्यांनी दोन्ही पाने जोडली जातात. इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःच्या कोशासाठी वापरतात. ओंबीलांच्या अळ्या ते घरासाठी खर्च करतात आणि स्वतः कोशाविनाच राहतात.

या मुंग्या झाडावरचे रस शोषणारे आणि पाने खाणारे कीटक पकडतात. दक्षिण चीनमध्ये संत्र्याच्या जातीच्या फळबागांत कीड आवरण्यासाठी यांची घरे आणून बांधत असत, याचा लेखी उल्लेख इसवी सन ३०४ च्या सुमाराचा आहे. काजूच्या मोहोरावरच्या ढेकण्या या किडीलाही त्या आळा घालतात. त्याच वेळी, गोड स्रावासाठी त्या पिठ्या ढेकणासारख्या किडींची राखणही करतात, त्यामुळे त्यांना सरसकट शेतकऱ्याचा मित्र म्हणणे मला बरोबर वाटत नाही. घरालगतच्या, मुलांच्या वावरातल्या झाडावरून त्यांना हटवावे, पण आगराच्या टोकाच्या झाडांवर त्यांना राहू द्यावे, हा मार्ग मला योग्य वाटतो.

राहत्या घराजवळ निरीक्षण करून केवढे मोठे काम होऊ शकते, याचे उदाहरण कोकणातच घडलेले आहे. १९३० च्या सुमारास मुंबईतल्या संग्रहालयातली नोकरी गेल्यावर पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरच्या गावी राहायला गेले आणि तिथे घराजवळच त्यांना सुगरण पक्ष्यांची वीण बारकाईने पाहता आली. भाताच्या आणि गवताच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या विणून लोंबते घरटे बांधण्याचे काम नराचे असते. घरटे अर्धवट असताना माद्या येऊन त्याची पाहणी करतात, आणि एखादीने पसंती दिली की नर ते पुरे करून खाली लांब नळीसारखा प्रवेशमार्ग विणतो. मादी अंडी घालून उबवायला बसली, की तोच नर शेजारी दुसरे घरटे बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीशी संसार मांडतो. एकामागून एक जोडीदार घेण्याची ही पद्धत सालिम अलींनी तिथे उलगडून दाखवली. तुमच्या विहिरीवर झुकलेल्या माडाला जून-जुलैत अशी घरटी लागली, तर कोणती घरटी अर्धवट सोडून दिली जातात आणि कोणती पुरी होतात, याकडे लक्ष ठेवावे.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या पोफळीच्या आगरात आणखी एक रहिवासी भेटतो: उडता सरडा. पोफळीच्या सालीशी तो इतका एकरूप होतो, की हलल्याशिवाय दिसत नाही. नर गळ्याखालचा पिवळा पडदा ताणतो आणि मिटतो, तेव्हा नजर तिथे जाते. त्याच्या काही बरगड्या शरीराबाहेर लांबलेल्या असून त्यांवर कातडीचा पडदा असतो. तो उघडून सरडा एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. त्याचे मुख्य खाद्य मुंग्या. मादी एरवी झाडावरच राहते, पण अंडी घालण्यासाठी तिला जमिनीवर उतरून माती उकरावी लागते, म्हणून बुंध्याभोवतीची जमीन काँक्रीटने बंद करू नये.

पहिला मोठा पाऊस पडला की परसाचा आवाजच बदलतो. भाताच्या खाचरांत मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात. घराजवळचे खरे आकर्षण मात्र झाडबेडूक आहे. बोटांच्या टोकांवरच्या चकत्यांमुळे तो न्हाणीच्या भिंतीवरही सहज चढतो. पाण्याच्या हौदावर किंवा डबक्यावर झुकलेल्या पानावर साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला, तर तो पुसून टाकू नये. अंडी घालताना मादी अंगातून निघणारा स्राव मागच्या पायांनी घुसळून हा फेस करते. बाहेरचा थर सुकून घट्ट होतो, आत ओल टिकते, आणि काही दिवसांनी भैरी, म्हणजे बेडकांची पिल्ले, खालच्या पाण्यात टपाटप पडतात. गोळा पाण्याच्या बरोबर वर असतो, याचे कारण हेच.

पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, काजव्यांचे दिवस येतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग पावते आणि जवळपास उष्णतेविना प्रकाश निर्माण होतो. अनेक जातींत उडणारे नर ठरावीक लयीत लुकलुकतात आणि झुडपावर बसलेली मादी आपल्या जातीची लय ओळखून उत्तर देते. प्रौढ काजवा थोडेच दिवस जगतो. त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग अळीच्या रूपात, ओलसर माती आणि पातेऱ्यात, गोगलगायी खाण्यात गेलेला असतो. सगळा पातेरा झाडून जाळला, की पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच संपतात. त्यांचा दुसरा शत्रू म्हणजे अंगणात रात्रभर जळणारा पांढरा एलईडी दिवा, कारण त्याच्या झगमगाटात नर-मादीला एकमेकांचे संकेत दिसत नाहीत. गावात सुरक्षिततेसाठी उजेड हवा असतो, हे मान्य आहे. पण खाली तोंड केलेला, पिवळसर, गरजेपुरता लावलेला दिवा ते काम करतो.

पातेरा आणि गडगा राखायचा म्हटले की सापांचा प्रश्न निघतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. धामण उंदीर खाते, नानेटी बेडूक खाते, आणि दोन्ही बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मात्र खरोखर धोक्याचे. म्हणून पातेऱ्याचा ढीग घरापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवावा, भिंतीलगत लाकडे आणि विटा रचू नयेत, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये आणि जमिनीवर झोपणे टाळून मच्छरदाणी नीट खोचून घ्यावी, कारण मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना घडतात. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे किंवा मांत्रिकाकडे जाणे यात वेळ न घालवता, दंशाचा भाग हलू न देता प्रतिसर्पविष मिळणारे रुग्णालय गाठावे. आपल्याकडचे प्रतिसर्पविष याच चार सापांच्या विषावर चालते. ते कोणत्या रुग्णालयात असते, याची चौकशी गावी येताच करून ठेवावी.

या सगळ्याची नोंद ठेवावी, अशी माझी शेवटची सूचना आहे. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर आणि इतर जीवांची छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि यातले बहुतेक निरीक्षक हौशी आहेत. परसातल्या नोंदीचे मोल एवढ्यासाठी, की ती एकाच जागेची, वर्षभराची असते. पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, पहिला फेसाचा गोळा कधी दिसला, आफ्रिकेतून पावसाबरोबर येणारा चातक कोणत्या तारखेला आला, हे वहीत लिहून ठेवावे. चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, त्यामुळे तो दिसल्यावर परसातल्या सातभाईंच्या थव्यावर लक्ष ठेवले, तर ऑगस्टच्या आसपास त्यांच्यामागे भरवून घेण्यासाठी ओरडत फिरणारे, काळ्या-पांढऱ्या पिसांचे, वेगळेच पिल्लू दिसण्याची शक्यता असते.