बीगल : सशाचा माग आणि अवांतर सावज

सशाच्या वासावर माग काढणाऱ्या बीगल कुत्र्याला हरिण, कोल्हा, कोयोटी (लांडग्यासारखा तिकडचा रानटी प्राणी) यांच्या मागे न जाण्याची शिस्त लावणे आणि ती शिस्त मैदानी स्पर्धेत कसाला लावणे ही उत्तर अमेरिकेतील बीगलपालकांची जुनी विद्या आहे. ससा सोडून जे जे म्हणून पळते ते त्यांच्या बोलीत ‘ऑफ-गेम’ किंवा सरळ ‘ट्रॅश’. ब्रिटनमधील शिकारी कळपांत याच दोषाला ‘रायट’ म्हणतात. हरणाचा ताजा माग ओलांडूनही जो सशावरच राहतो, तो ‘डिअर-ब्रोक’ कुत्रा. शिकारीसाठी कुत्रा विकत घेणारा त्याच्या आवाजाआधी आणि वेगाआधी हीच गोष्ट विचारतो.

बीगल मूळचा इंग्लंडचा. अमेरिकेत चांगल्या रक्ताचे बीगल आले ते 1870 च्या दशकात. इलिनॉय राज्यातील जनरल रिचर्ड रोवेट यांचा कळप त्यांत नावाजला गेला. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने 1885 मध्ये या जातीची नोंद सुरू केली आणि 1890 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हायॅनिस येथे पहिली मैदानी स्पर्धा झाली. त्या काळात हरणांचा त्रास आजच्याइतका नव्हता. पांढऱ्या शेपटीचे हरिण बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरात जेमतेम पाच लाखांपर्यंत उरले होते. संरक्षणानंतर ते वाढत गेले आणि आज त्यांची संख्या सुमारे तीन कोटी धरली जाते. ससा ज्या झुडपी रानात, शेताच्या बांधाला आणि नव्याने वाढणाऱ्या जंगलात राहतो, तेथेच हरिणही चरते. त्यामुळे पूर्वी जे शिक्षण अधूनमधून द्यावे लागे, ते आता प्रत्येक पिल्लाला द्यावे लागते.

हरणाची ओढ कशामुळे, हे दोन्ही प्राण्यांच्या चालीवरून कळते. तिकडचा नेहमीचा कॉटनटेल ससा दीड किलोच्या आतबाहेरचा. तो आपले छोटेसे रान सोडत नाही. कुत्रा मागे लागला की वळणे घेत, उलट फिरत, उड्या मारून माग तोडत तो गोल फिरतो आणि पुन्हा निघाल्या जागेजवळ येतो. शिकारी जागचा न हलता वाट पाहू शकतो तो यामुळेच. माग तुटला की कुत्र्याला थांबून, नाक जमिनीला लावून तो पुन्हा जोडावा लागतो. या थांबण्याला ‘चेक’ म्हणतात आणि बीगलची सगळी हुशारी तेथे दिसते. हरिण मोठे, त्याच्या खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असतात, त्यामुळे पावलागणिक वास जमिनीवर उतरतो. शिवाय ते सरळ पळते. कोवळ्या कुत्र्याला यात कष्ट नाहीत, चेक नाही, नुसते भुंकत धावायचे. एकदा ही चटक लागली की सशाचा बारीक, तुटक वास त्याला नकोसा होतो. आणि हरणामागे गेलेला बीगल काही किलोमीटर लांब, रस्त्यावर किंवा परक्याच्या जमिनीत सापडतो. कधी सापडतही नाही. कोयोटींच्या मुलखात तर तो जिवानिशी जातो.

शिक्षणाची सुरुवात कुंपण घातलेल्या ‘स्टार्टिंग पेन’मध्ये होते. फांद्यांचे ढीग, दाट झुडूप आणि थोडे मोकळे गवत असलेल्या या जागेत ससे राखलेले असतात. पिल्लू आधी ससा डोळ्यांनी पाहून धावते, मग दिसेनासा झाल्यावर वासावर येते. हरणाचा नाद सोडवण्याचे काम यानंतरचे. सशावर पक्के होण्याआधीच धाक बसला, तर पिल्लू माग काढणे हाच गुन्हा समजते आणि मालकाच्या पायांत घुटमळू लागते. असा कुत्रा हरणाचा माग धरत नाही हे खरे, पण सशाचाही धरत नाही. हरिण धरणारा कुत्रा सुधारता येतो. धास्तावलेल्याला पुन्हा उभे करणे त्याहून फार कठीण.

हे काम एका वेळी एकाच कुत्र्यावर करावे लागते. बीगल कळपाचा प्राणी आहे, दुसऱ्याने साद घातली की तो त्याच्याकडे धावतो. कळपात एक जण हरणावर गेला की बाकीचे विश्वासाने मागून जातात, आणि शिक्षा सगळ्यांना केली तर जे फक्त साथ द्यायला गेले ते साथ देणेच सोडतात. म्हणून जाणते पालक संशयित कुत्र्याला एकट्याला हरणांच्या रानात नेतात.

आज बहुतेकांच्या हाती जीपीएस पट्टा आणि सौम्य विजेचा झटका देणारा पट्टा असतो. पडद्यावर सरळ लांबत जाणारी रेघ दिसली, आवाज न तुटता दूर जाऊ लागला, की हरणाचा संशय येतो. पण संशय म्हणजे खात्री नव्हे. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातला स्नोशू ससा कॉटनटेलपेक्षा कितीतरी मोठा फेरा घेतो आणि तोही आरंभी सरळच गेल्यासारखा वाटतो. उलट करडा कोल्हा दाट झाडीत गोल फिरून सशाचा भास करून देतो. म्हणून हरिण रस्ता ओलांडताना स्वतः पाहिले, मागोमाग कुत्रा त्याच रेषेवर भुंकत आला, किंवा बर्फात हरणाच्या खुरांच्या ठशांवर कुत्र्याचे ठसे दिसले, तरच झटक्याचे बटण दाबावे, हा नियम मला या सगळ्या विद्येचा कणा वाटतो. त्या क्षणी मालकाने तोंडातून शब्द काढायचा नसतो. त्रास त्या वासाशी जोडला गेला पाहिजे, माणसाशी नाही. चुकून सशावर असताना झटका बसला, तर महिन्यांची मेहनत एका क्षणात वाया जाते. हरणाच्या गंधग्रंथी कुत्र्याच्या गळ्यात बांधून ठेवण्याची एक जुनी रीतही सांगितली जाते. पळत्या जनावराचा ताजा माग आणि शिळा वास यांत कुत्रा फरक करतो, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये हे बरे. झटक्याच्या पट्ट्याला विरोध करणारेही पुष्कळ आहेत. वेल्समध्ये 2010 पासून त्यावर बंदी आहे. पट्ट्याआधीच्या पिढ्या धावत जाऊन कुत्र्याला हरणाच्या मागावरच गाठत, दरडावत आणि उचलून सशाच्या जागी परत आणत. पाय दुखवणारी ही पद्धत आजही काही जण सोडत नाहीत.

स्पर्धा अनेक प्रकारच्या आहेत. ‘ब्रेस’मध्ये दोन-तीन कुत्रे सोडून मागाचा नेमकेपणा पाहतात. ‘स्मॉल पॅक’मध्ये साधारण सातांचा कळप सशावर सोडतात आणि बंदुकीच्या आवाजाला कुत्रा बिचकतो का, तेही तपासतात. ‘लार्ज पॅक’मध्ये गटातले सगळे कुत्रे अंगावर आकडे रंगवून स्नोशू सशावर एकदम सोडले जातात. उंचीप्रमाणे 13 इंचांपर्यंतचे आणि 13 ते 15 इंचांचे असे वेगळे गट असतात, नर-मादी वेगळे. अमेरिकन केनेल क्लबचा ‘फील्ड चॅम्पियन’ किताब मिळवायला तीन प्रथम क्रमांक आणि 120 गुण लागतात. ससा दिसला की माणसे ‘टॅली-हो’ अशी हाळी देतात आणि कुत्र्यांना त्या मागावर आणले जाते. वास नसताना भुंकणे, उलटा माग काढणे, एका जागी रेंगाळणे, चेक सोडून पुढे पळणे, इतरांच्या कष्टावर कडेकडेने आघाडी मारणे हे सारे दोष मोजले जातात.

हरिण मात्र या हिशेबाच्या बाहेरचे आहे. कळप हरणावर गेल्याची खात्री झाली की पंच कुत्रे उचलायला लावतात आणि दोषी कुत्रा सहसा बाद होतो, आधी त्याने कितीही सुंदर माग काढलेला असो. केनेल क्लबच्या स्पर्धेत झटक्याचा पट्टा चालत नाही, तेव्हा धाक अंगात मुरला आहे की बटणापुरता होता, हे तेथे उघडे पडते. क्लबांच्या कुंपणबंद मैदानांत ही परीक्षा अर्धीच होते, म्हणून मोकळ्या रानातील स्पर्धा मला अधिक खऱ्या वाटतात.

कायद्याचा धाकही आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही राज्यांत कुत्र्यांनी हरिण हाकणे कायदेशीर आहे, पण इतर बऱ्याच राज्यांत कुत्रा हरणामागे लागला तर मालकाला दंड होतो. इंग्लंड-वेल्समध्ये 2004 चा कायदा फेब्रुवारी 2005 पासून लागू झाल्यावर बीगलच्या कळपांनी रानससा मारणेच बंद झाले. तेथील बरेच कळप आता आधी टाकून ठेवलेल्या वासावर धावतात.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कुत्रे लावून रानससा पळवणे हीदेखील शिकारच ठरते, त्यामुळे या स्पर्धांना येथे जागा नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातला कारवानी हा सशाचा पाठलाग करणारा देशी कुत्रा नजरेवर धावतो, वासावर नव्हे. पुण्या-मुंबईत बीगल घरोघरी दिसतो तो पाळीव म्हणून, आणि पट्टा सुटताच नाक जमिनीला लावून हाकेला न जुमानता निघून जाण्याबद्दल त्याच्या मालकांची जी तक्रार असते, तिचे मूळ याच मागकाढू रक्तात आहे.